नमुना माझ्या हातून खराब झाला

भिलाईच्या कॅम्प-१ बाजारात शिवणकरजींबरोबर तूरडाळ घ्यायला जायचं म्हणजे चारचौघांत मान खाली घालून उभं राहायची तयारी ठेवायची. दुकानदार सुपात डाळ घेऊन पुढे करायचा. शिवणकरजी तिच्याकडे बघायचेही नाहीत. शर्टाची बाही कोपराच्या वर सारायची, हात सरळ पोत्यात खुपसायचा, पार खांदा काठाला टेकेपर्यंत, आणि तळातली मूठभर डाळ काढून उजेडात धरायची. "वरचं सगळ्याईचंच चांगलं असते," एवढं बोलून ते पुढच्या दुकानात शिरायचे. दुकानदार माझ्याकडे बघायचा. मी पोत्यावरची धूळ बघत राहायचो.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ होते. मूळचे आमगावकडचे, धानाच्या शेतीतले. वडील भट्टीवर कामाला म्हणून भिलाईला आले ते परत गेलेच नाहीत. मी दुर्गच्या रेल्वेवाल्याचा मुलगा, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'टाईमटेबलवाला' करून टाकलं. आमचं काम सांगायला सोपं आहे. भट्टीत एका वेळी जेवढं पोलाद वितळतं त्याला हीट म्हणतात. त्यातली बिस्किटाएवढी चकती नळीतून हवेच्या जोरानं आमच्याकडे येते. ती घासायची, यंत्रावर ठेवायची, कार्बन किती, गंधक किती ते पाहायचं आणि भट्टीवर कळवायचं. आमचा आकडा जाईपर्यंत हीट थांबून असते आणि तिच्यासोबत तिकडची सगळी माणसंही. म्हणून फोनवरच्या शिव्या आमच्या नोकरीतच धरलेल्या होत्या.

शिवणकरजी त्या शिव्या शांतपणे ऐकायचे. एकदा चकती आली ती आतून पोकळ, बुडबुड्यांनी भरलेली. यंत्रानं आकडा तर दिला, आणि तो बरोबर मापातही होता. भट्टीवरचा साहेब फोनवर ओरडत होता की आकडा आलाय ना, मग द्या. शिवणकरजी म्हणाले, नमुना खराब आहे, दुसरा पाठवा. साहेबानं त्यांच्या घराण्याचा उद्धार केला. हे म्हणाले, तोपर्यंत नमुना पाठवता का? दुसरा नमुना आला आणि त्यात गंधक जास्त निघालं. साहेबानं नंतर माफी वगैरे काही मागितली नाही. शिवणकरजींनाही ती नको होती. डबा उघडून ते जेवायला बसले.

मला त्यांचा हिसका पहिल्याच महिन्यात बसला. घासताना चकती माझ्या हातून निसटली, यंत्राखाली गेली, सापडेना. तिकडून फोन वाजत होता. मी घाबरून आधीच्या हीटचे आकडे थोडे इकडेतिकडे करून कळवायला निघालो. त्यांनी मागून फोनवर हात ठेवला. रजिस्टर पुढे ओढलं आणि माझ्या हातानं त्यात लिहून घेतलं : नमुना माझ्या हातून खराब झाला. खाली सही. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "नमुना खराब होणं गुन्हा नाही, मानकर. आकडा बनवणं गुन्हा आहे. खराब झाला तर सांगाचं. दुसरा भेटते." रजिस्टर चाळलं तर त्यात हेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या सहीनंही चार ठिकाणी होतं.

सेक्टर ६ मध्ये त्यांचं क्वार्टर माझ्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर. मी तेव्हा एकटा होतो, म्हणून रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. यमुनावहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, बोलायला फटकळ आणि वाढायला सढळ. नवऱ्याच्या तपासणीची त्या यथेच्छ टिंगल करायच्या. वरण वाढलं की हे डाव पातेल्याच्या तळाशी घालून वर आणायचे. वहिनी म्हणायच्या, लग्नाच्या वेळी यांनी मलाही खालून-वरून तपासलं असतं, पण माझ्या बापानं तेवढा वेळच दिला नाही. मूलबाळ नव्हतं. वहिनींचा एक मोठा भाऊ होता, तो पोटाच्या कॅन्सरनं याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गेला. सात महिने वहिनींनी त्याचं सगळं केलं. त्या खोलीत त्या अजूनही झोपत नसत.

त्यामुळे शिवणकरजींचं पोट दुखू लागलं, दुर्बिणीनं तपासणी झाली आणि रिपोर्टमध्ये लिम्फोमा हा शब्द आला तेव्हा वहिनी चार दिवस जेवल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. हा पोटाच्या अस्तरातला, फार सावकाश चालणारा प्रकार आहे. पोटातल्या एका जंतूमुळे होतो. जंतू मारला की बहुतेक वेळा हाही विरून जातो. आणि झालंही तसंच. दोन आठवडे गोळ्या, मग थोडे महिने वाट, मग पुन्हा दुर्बीण. डाग गेला होता. डॉक्टर म्हणाले, तरी दर सहा महिन्यांनी बघत राहू, कारण क्वचित हा आजार पुन्हा येतो आणि त्याहून क्वचित आपला स्वभाव बदलून झपाट्यानं वाढतो.

हे शेवटचं वाक्य शिवणकरजींनी घरी सांगितलंच नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी त्या दिवशीच्या चौकटीत 'ओके' लिहिलं आणि हीट पास करताना करायचे तशी खाली सही केली. वहिनींना म्हणाले, घे, आता माझी सही आहे, हे पुन्हा येत नाही. वहिनी हसल्या आणि त्या रात्री पोटभर जेवल्या. मी तिथे होतो. मलाही ते गोडच वाटलं होतं. खरं तर तळ न बघता त्यांनी आयुष्यात एकच सही केली, ती ही.

तीन वर्षं बरी गेली. मग त्यांचा पट्टा एक भोक आत गेला, नंतर दुसरं. संध्याकाळी अंगात कणकण, पहाटे उशी घामानं ओली. दुर्बिणीच्या तपासणीत जुना डाग परतलेला दिसला. रिपोर्ट आला की आजार तोच, सावकाश चालणारा. वहिनींना हे कळलं, आणि त्यांनी ते पचवलंही, कारण सावकाश हा शब्द त्यांना ओळखीचा होता. पण डॉक्टरांचं समाधान होईना. म्हणाले, तुकडा लहान आला आहे, आणि तुमची लक्षणं रिपोर्टशी जुळत नाहीत. रायपूरला एका मोठ्या प्रयोगशाळेत हे पुन्हा दाखवून आणा. काचपट्ट्याही घेऊन जा आणि ब्लॉकही. ब्लॉक म्हणजे पोटातून काढलेला तुकडा ज्यात बसवून ठेवतात ती मेणाची लहानशी वडी; तिचेच पातळ काप काचपट्ट्यांवर लावलेले असतात.

मे महिना होता. शिवणकरजींनी स्वतः स्कूटर काढली, मी मागे. ब्लॉक त्यांनी कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत घातले होते. आमच्या पोलादाच्या चकत्या ठेवायची असते तसली डबी. ती डबी सीटखालच्या डिक्कीत. काचपट्ट्या मात्र फुटतील म्हणून शर्टाच्या खिशात छातीशी. वाटेत कुम्हारीला उसाचा रस प्यायलो. रायपूरला पोचलो तर प्रयोगशाळेची खिडकी जेवणासाठी बंद. स्कूटर उन्हात लावून आम्ही तास-दीड तास समोरच्या हॉटेलात पंख्याखाली बसलो. ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. धानाच्या कोणत्या वाणाला लोंब्या जास्त येतात असलं काहीतरी. भीती वाटली की माणूस कशावरही बोलतो.

खिडकी उघडल्यावर त्यांनी डबी बाहेर काढली. हाताला चटका बसला म्हणून रुमालात धरली. झाकण उघडलं तर मेण वितळून कापसात मुरलेलं, आणि त्यात पांढरट कण कुठेकुठे चिकटलेले. वरून ऊन, खालून इंजिन, मधे स्टीलची डबी. मी चाट पडलो. सोळाशे अंशांवरून आलेल्या नमुन्यांत हयात घालवलेला माणूस. साठ अंशांत बिघडणारा नमुना त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. माझ्याही आला नव्हता म्हणा, पण मी कोण.

खिडकीतल्या मुलीनं डबी पाहिलेली नव्हती. ती काचपट्ट्या घेऊन म्हणाली, "सर, ब्लॉक नसतील तरी चालतं. डॉक्टर पट्ट्यांवरूनच मत देतील." पट्ट्यांवर तर तोच सावकाश आजार होता. डबी खिशात टाकली असती तर आठवड्यानं चांगला कागद हातात आला असता. शिवणकरजी डबी हातात घेऊन उभे होते. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला तरी त्यांनी पुसला नाही. मागे रांग होती, कोणीतरी 'चलो भाई' म्हणालं. मला अगदी वाटलं, ठेवा खिशात. मी ते बोललो नाही, पण वाटलं हे कबूल करतो. त्यांनी डबी खिडकीत सरकवली आणि म्हणाले, नमुना माझ्या हातून खराब झाला.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, चिडल्या नाहीत. मेण पुन्हा ओतता येईल, पण एवढ्याशा तुकड्यातून आता किती उरलं असेल ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यापेक्षा पुन्हा दुर्बीण घालून नवीन तुकडे घ्यावेत, एक नाही, सात-आठ ठिकाणचे आणि खोलवरचे. शिवणकरजींनी मान डोलावली. परत येताना स्कूटर मी चालवली.

नवीन तुकडे त्याच आठवड्यात गेले. वहिनींना सांगितलं की नेहमीची तपासणी आहे. रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. वरचे तुकडे जुन्या आजाराचेच होते. खोलवरच्या दोन तुकड्यांत पेशी मोठ्या झालेल्या, दाटलेल्या, वेगानं वाढणाऱ्या. आजारानं स्वभाव बदलला होता. भिलाईच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले की हा बरा होण्यासारखाही असतो, पण थांबण्यासारखा नाही. या आठवड्यात औषधं सुरू करू, घरच्यांना घेऊन या.

घरी पोचताच वहिनींनी दारातच विचारलं. शिवणकरजी म्हणाले, "तसंच आहे. काही बदल नाही." मी चप्पल काढत होतो, ती पुन्हा पायात घातली आणि काम आहे म्हणून निघून आलो.

पुढचे दिवस मला आजही आठवले की स्वतःचाच राग येतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगितलं का. म्हणाले, उद्या सांगतो. मग म्हणाले, ऑडिट आहे, ते उरकू दे. मग वहिनींच्या बहिणीकडे बारसं होतं. हीट चार मिनिटं थांबवून अख्ख्या कारखान्याच्या शिव्या खाणारा माणूस घरी एक वाक्य बोलायला दिवसावर दिवस घालवत होता, आणि त्याच्या पोटात जे होतं ते वाट बघणारं नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला की ते बाहेर जाऊन बोलायचे. पट्टा तिसऱ्या भोकावर गेला. मी एकदा भडकलो. म्हटलं, मला आकडा बनवू दिला नाहीत आणि स्वतः काय करताय? ते हात धूत राहिले. मग म्हणाले, "तिनं भावाले त्या खोलीत पाह्यलं हाय, मानकर. मी सही करून देल्ली होती तिले. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या रविवारी मी जेवायला गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो नसतो तर वहिनींना संशय आला असता. शिवणकरजी अंघोळीला गेले तशा वहिनी माझ्या ताटात भात वाढता वाढता थांबल्या. विचारलं, भाऊ, यांचं वजन कावून उतरून राहिलं? तुमी तर संग होते. मी म्हणालो, उन्हाळा आहे, वहिनी. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भात वाढला. खोटं बोलण्यात मी शिवणकरजींपेक्षा कमी नव्हतो, फक्त माझं पोट दुखत नव्हतं.

बाराव्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्या स्कूटरपुढे उभा राहिलो. सांगितलं, आज तुम्ही बोला, नाहीतर मी बोलतो. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

वहिनी व्हरांड्यात बसून लोणच्याच्या कैऱ्या अडकित्त्यानं कापत होत्या. समोर परातीत फोडी. शिवणकरजी त्यांच्यासमोर खाली बसले. घरात खुर्ची सोडून खाली बसलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मी पायरीपाशीच थांबलो.

"यमुना, रिपोर्ट तसा नाही," ते म्हणाले. "बदलला हाय. जोरात वाढून राहिला. मी तुले खोटं सांगतलं."

अडकित्ता खाली आला, कैरी चिरली, दोन फोडी परातीत पडल्या. वहिनींनी पुढची कैरी उचलली नाही.

"कधी आला रिपोर्ट?"

"बारा दिवस झाले."

मला वाटलं, आता आकांत होईल. निदान माझा तरी उद्धार होईल. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"अन् बारा दिवस तुमी एकलेच भिऊन राहिले?"

शिवणकरजी रडले. आवाज न करता, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत रडले. वहिनींचे हात मीठ-हळदीचे होते, त्यांनी ते तसेच त्यांच्या डोक्यावर ठेवले. थोड्या वेळानं विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, भाऊ, तुमाले मी नंतर पाहीन. त्यांनी मला नंतर पाहिलंही. दोन महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि ते मला लागूही होतं.

सकाळी सहाला त्या पिशवी भरून दारात उभ्या होत्या. औषधांचे सहा हप्ते झाले, दर तीन आठवड्यांनी एक. केस गेले, जिभेला फोड आले, चौथ्या हप्त्यानंतर तापानं आठ दिवस इस्पितळात काढले. पण शिवणकरजींनी घरी पुन्हा काही दाबलं नाही. रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आधी वहिनींच्या शेजारी बसायचे, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचे, पांढऱ्या पेशी इतक्या, म्हणजे कमी, म्हणजे धोका आहे. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. सहाव्या हप्त्याला त्याच नर्सला विचारत होत्या की काल इतक्या होत्या, आज कमी कशा. शेवटी तपासणी झाली आणि पोट साफ निघालं. या वेळी कॅलेंडरवर कोणी काही लिहिलं नाही.

त्यांना दीड वर्ष मिळालं. ते निवृत्त झाले, आमगावला जाऊन दोन हंगाम धान पाहून आले, बाजारात मला पुन्हा शरमेनं मान खाली घालायला लावली. मग आजार दुसरीकडे उगवला, पाठीच्या कण्याजवळ, आणि त्यावरची औषधं फार काळ चालली नाहीत. त्या बारा दिवसांनी फरक पडला का, हे मी डॉक्टरांना एकदा एकट्यात विचारलं होतं. ते म्हणाले, तसं कोणी सांगू शकत नाही. मला हे उत्तर पुरलं नाही, अजूनही पुरत नाही. पण ती डबी खिडकीत सरकवली नसती तर ते दीड वर्षही मिळालं नसतं, असं मी मनाला सांगतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इस्पितळात, जानेवारीतल्या एका दुपारी. आमच्या लॅबमधली काही माणसं भेटून नुकतीच गेली होती, खाटेशेजारच्या टेबलावर त्यांनी आणलेली संत्री तशीच होती. मी दारात पोचलो तेव्हा दोघंच होती. माझ्याकडे दोघांचीही पाठ. शिवणकरजी खिडकीकडे तोंड करून कुशीवर निजलेले, ब्लँकेटखाली फारसं काही उरलेलं दिसत नव्हतं. वहिनी स्टुलावर बसून त्यांची पाठ चोळत होत्या.

"यमुना," ते म्हणाले. "मले भेव वाटून राहिलं."

वहिनींचा हात थांबला.

"मलेही वाटून राहिलं जी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चपला काढून स्टुलाखाली सरकवल्या, ब्लँकेटची कड उचलली आणि त्या अरुंद खाटेवर त्यांच्या पाठीला लागून आडव्या झाल्या. नर्स माझ्या बाजूनं आत गेली, सलाईनची बाटली बदलली आणि त्यांना काही न बोलता बाहेर आली.